घरची कर्ती

श्रोते हो, आपल्या मराठीत एक मोठा अर्थाचा शब्द आहे : ‘कर्ती’. घरात सून नवी असते, लेक लाडकी असते, आजी मानाची असते; पण कर्ती एकच असते. डब्यातले पीठ संपत आले हे जिला सर्वांआधी कळते, दारी पाहुणा उभा राहिला की सगळे जिच्या तोंडाकडे पाहतात, ती कर्ती.

आता भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : सात्त्विक, राजस आणि तामस. माउलींनी त्यावर विस्ताराने निरूपण केले आहे. पाठशाळेत हा भाग शिकलो तेव्हा कर्ता म्हणजे यज्ञ करणारा, राज्य चालवणारा, असेच आम्हांस वाटे. तो लुगडे नेसून चुलीपुढेही बसलेला असतो, हे कळायला साठी उलटावी लागली.

ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात येतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या मंदिरात. तुकोबारायांचा नाना पेठेत, निवडुंग्या विठोबापाशी. त्या दोन दिवसांत या पेठांतल्या घराघरांतून वारकऱ्यांना जेवू घालतात. पिठले तेच, भाकरी तीच. पण वाढणाऱ्या हाताची वृत्ती निराळी असते, ती पाहावी.

पहिली वृत्ती तामस. हिला किल्ल्या हातात आल्या म्हणजे त्या दुसऱ्याच्या पायात घालाव्याशा वाटतात. कऱ्हाडच्या सखूची सासू आठवा. सून पंढरीला निघाली, तर तिला खांबाला बांधून घातली. घर चालवणे निराळे आणि घरातल्यांना कोंडणे निराळे, हा भेद तिला उमगला नाही. शेवटी देवाला सखूचे रूप घेऊन त्या घरी राबावे लागले. १९४१ साली पुण्याच्याच प्रभात कंपनीने ही कथा पडद्यावर आणली, तीही लोकांनी पाहिली. पण आपल्या घरातला खांब कोणी तपासला, हे ज्याचे त्याला ठाऊक!

दुसरी वृत्ती राजस. ही सगळे करते. पहाटे उठते, शंभर माणसांचा स्वयंपाक रांधते, कुठे उणे पडू देत नाही. पण प्रत्येक भाकरीमागे एक वाक्य वाढते, “मी आहे म्हणून चाललंय हो हे सगळं!” भाकरी पोटात जाते, पण वाक्य घशात अडकते. हिचे कष्ट खोटे नव्हेत; मात्र केल्याची बेरीज चुकत नाही, म्हणून शीणही उतरत नाही.

तिसरी सात्त्विक. केले म्हणून सांगत नाही, फसले म्हणून बसत नाही. धीर आणि उत्साह ही तिची दोन भांडी. ती कधी रिकामी होत नाहीत.

आता येथे शंका येईल की, बुवा, मग तुकोबारायांची आवली कोणत्या प्रकारात बसवायची? ती तर कजाग! याचे उत्तर आम्हांस कीर्तनात मिळाले, आणि तेही आमच्या तोंडून नव्हे.

काही वर्षांपूर्वी पालखीच्या मुक्कामात नाना पेठेत आमचे कीर्तन होते. उसाचे आख्यान लावले. तुकोबांनी मोळी वाटून टाकली, एकच ऊस घरी आणला, आणि आवलीने तो त्यांच्याच पाठीत मोडला. मंडळी पोट धरधरून हसली. आम्ही खूश झालो. कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी आजी पाया पडली आणि म्हणाली, “बुवा, उसाचं सांगितलंत. भाकरीचं राहिलं की!”

आम्ही चपापलो. खरेच राहिले होते. ही आवली पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक, खात्यापित्या सावकाराच्या घरची. इसवी सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने देहूचे घर धुऊन नेले. थोरल्या रखमाबाई आणि त्यांचा संतू त्यात गेला. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. संसाराला उरली एकटी आवली. तिने देवाला शिव्या घातल्या, हे सर्वांना पाठ आहे. पण तुकोबा डोंगरावर ध्यानाला बसले, तेव्हा भाकरी बांधून चढण चढत गेली ती हीच. तिच्या पायात काटा मोडला, तो पांडुरंगाने स्वहस्ते काढला, असे संतचरित्रे सांगतात. देव काटा काढायला कोणाच्या पायाशी बसतो? शिव्या ऐकूनही बसतो, याचा अर्थ त्याने जीभ पाहिली नाही, पाय पाहिले. जिभेने आवली राजस असेल. पायाने ती सात्त्विकच.

आणखी ऐका. १६५० साली तुकोबा वैकुंठाला गेले, तेव्हा ती गरोदर होती. तो मुलगा म्हणजे नारायणबाबा. बापाचे तोंड न पाहिलेल्या त्या पोराला हिने वाढवले. आणि त्यानेच १६८५ साली पालखीत पादुका ठेवून वारीला सोहळ्याचे रूप दिले. आज आपण ज्या पालखीपुढे लोटांगण घालतो, तिच्यामागे त्या माउलीची चूल आहे.

त्या रात्री आम्ही उशिरा घरी आलो. ताट झाकून ठेवलेले होते, आणि “इतका उशीर करायचा का?” हे शब्दही तयार होते. याच शब्दांवर रागावून चाळीस वर्षांत आम्ही किती वेळा न जेवता उठलो असू! आम्ही गावोगाव कीर्तने करीत हिंडलो. मुलांच्या फिया, वाण्याची उधारी, आमच्या आईचे आजारपण हे सगळे आमच्या कुटुंबाने निभावले. तिला प्रपंची म्हणत आलो आणि स्वतःला परमार्थी. त्या रात्री गुपचूप बसलो आणि जेवलो. आख्यानाची दुरुस्ती आधी पाटावर झाली, मग व्यासपीठावर.

तेव्हा बायाबापड्यांनो, इतके करा. निजताना कमरेच्या किल्ल्या चाचपून पाहा : आज कोणाचे पाय बांधले का? केल्याची बेरीज बोलून दाखवली का? सुनेला वारीला धाडून आपण घर सांभाळणारी सासू आम्ही पाहिली आहे. सखूची गोष्ट तिने उलटी फिरवली. आणि बुवाबाप्यांनो, तुम्ही वारीला चालता, तेव्हा घरी कोणीतरी दुप्पट चालत असते. परत आल्यावर प्रसादाची पुडी पहिल्याने तिच्या हातावर ठेवा.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!