शेवटचे सहा तास

टोरांटोच्या डॉन मॅकेलरचा ‘लास्ट नाइट’ हा कमी खर्चातला चित्रपट 1998 साली आला. मध्यरात्री जग संपणार आहे आणि चित्रपट सुरू होतो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले आहेत. जग का संपणार, हे कुणीच सांगत नाही; बाहेरचा उजेड मात्र रात्रीही मावळत नाही. बायको गेल्यापासून एकटा असलेला पॅट्रिक आणि नवऱ्याकडे पोचण्यासाठी शहरभर वणवण करणारी सँड्रा या सहा तासांत एकमेकांना भेटतात. नवरा काही येत नाही हे कळल्यावर सँड्रा या परक्या माणसाला विनवते, ‘तुझ्याविषयी असं काही सांग, की मला तुझ्यावर प्रेम करता येईल.’ सँड्राचं काम करणाऱ्या सँड्रा ओह या अभिनेत्रीला या भूमिकेसाठी कॅनडाचा जिनी चित्रपट पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच.

तरुणपणी पाहिला तेव्हा गच्चीवरचा शेवट मनात घर करून राहिला होता. मध्यरात्री एकमेकांना गोळी घालायचं ठरवून पिस्तुलं रोखून बसलेले पॅट्रिक आणि सँड्रा, आणि शेवटच्या क्षणी गोळीऐवजी चुंबन! यापलीकडे प्रेम ते काय असणार, असं तेव्हा वाटे.

परवा चित्रपट पुन्हा पाहिला आणि पॅट्रिकच्या आईपाशीच अडकलो. शेवटच्या संध्याकाळी तिनं अवेळी नाताळ मांडलाय. मुलांची लहानपणची खेळणी जपून ठेवली होती, तीच कागदात गुंडाळून त्यांना भेट देते. पॅट्रिकला तिथे गुदमरतं. तो लवकर निघतो. ती दुखावते. मुलं नोकरीसाठी दूरच्या प्रांतात गेल्यावर त्यांची दप्तरं, बाहुल्या बेसमेंटमध्ये सांभाळणाऱ्या इथल्या, कॅनडातल्या आम्हा मराठी आईबापांना हा प्रसंग फार जवळचा आहे. पस्तिशीतल्या मॅकेलरला तो कसा सुचला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सँड्राचा नवराही या वेळी वेगळा दिसला. तो गॅस कंपनीत आहे. डेव्हिड क्रोनेनबर्गनं साकारलेला हा माणूस अखेरच्या दिवशीही ग्राहकांना फोन करून आभार मानतो, गॅस शेवटपर्यंत चालू ठेवण्याचा प्रयत्न करू म्हणतो. पूर्वी त्याचं हसू आलं होतं. कोविडच्या दिवसांत दुकानं आणि बस चालू ठेवणारी माणसं पाहिल्यावर आता त्याच्याविषयी आदर वाटतो.

तरुणपणी आवडलेला एखादा प्रेमपट पुन्हा लावा. या वेळी प्रेमिकांच्या आईवडिलांकडे नीट बघा.