तारीख आणि न्याय

अमेरिकेतील एखादा निवृत्त सैनिक सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी दाखल होतो आणि डॉक्टरांच्या हयगयीमुळे पंगू होऊन घरी परततो, असे समजू. १९४६ च्या कायद्यान्वये त्याला सरकारवर दावा लावता येतो. मात्र आधी संबंधित खात्याकडे दोन वर्षांच्या आत लेखी मागणी करावी लागते. ती फेटाळली गेली, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, म्हणजे संघीय न्यायालयाचे दार उघडते.

तेथे सुनावणीपूर्वीच न्यायाधीश वेळापत्रक आखून देतात. कागदपत्रांची देवघेव केव्हा संपवावी, तज्ज्ञ डॉक्टरांचे अहवाल केव्हा द्यावेत, सारे त्यात ठरते. १९८३ पासून बहुतेक दाव्यांत असा आदेश बंधनकारक आहे. ठरलेली तारीख सबळ कारणावाचून बदलत नाही, आणि तेथे प्रश्न मुख्यतः एकच विचारला जातो: तुम्ही झटला होता काय?

यात निष्ठुरता आहे असे आम्हांस वाटत नाही. विलंबाने साक्षीदारांची स्मृती पुसट होते. निर्दोष डॉक्टरही वर्षानुवर्षे संशयाच्या छायेत राहतो. परंतु वकिलानेच तज्ज्ञाचे नाव वेळेत दिले नाही तर? ती साक्ष बाद होऊ शकते, आणि वैद्यकीय दाव्यात तज्ज्ञ गेला की बहुधा दावाच जातो. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्याला.

१९६२ मध्ये लिंक विरुद्ध वाबॅश रेल्वे या खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अपघातग्रस्ताचा वकील सुनावणीपूर्व बैठकीस आला नाही, म्हणून सहा वर्षे चाललेला दावा निकालात काढला गेला होता. चार विरुद्ध तीन मतांनी तो निर्णय कायम झाला: वकील तुम्हीच निवडलात, त्याच्या कृतीचे परिणामही तुमचेच. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी याला कसून विरोध केला.

आमचे मन ब्लॅक यांच्या बाजूला झुकते. ज्या रुग्णाला डॉक्टराची पारख करता आली नाही, त्याला वकिलाची तरी कशी यावी? एकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि एकदा कागदावर सही करताना, दोन्ही वेळा त्याने डोळे मिटूनच विश्वास टाकला. खुद्द वकिलाकडूनच खर्च वसूल करण्याची सोय १९८३ च्या दुरुस्तीने नियमात आहे. मग दावाच बुडविण्याची घाई कशासाठी?

अर्थात, वकिलावर निराळी फिर्याद करण्यास पक्षकार मोकळा असतो, हेही त्या निकालात नमूद आहे. तेथे पुन्हा नवा वकील, आणि पुन्हा नवे वेळापत्रक.