आज्ञा आणि प्रीती

योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्तावरील प्रीतीची खूण म्हणून आज्ञापालन सांगितले आहे. परंतु प्रीती करणे हीच जेव्हा आज्ञा ठरते, तेव्हा पेच उद्भवतो. कारण भावना हुकमाने उत्पन्न होत नाही. कांटने १७८५ मध्ये या पेचाला उत्तर दिले ते असे : प्रवृत्तिजन्य प्रीतीची आज्ञा देता येत नाही, कर्तव्यबुद्धीने केलेल्या परहिताची देता येते. या उत्तरात प्रीती कर्तव्यात विरून जाते.

कीर्केगार्द 'प्रीतीची कृत्ये' (१८४७) या ग्रंथात उलट दिशेने जातो. आवडीवर आधारलेली प्रीती मत्सरात वा सवयीत परिणत होऊ शकते; कर्तव्य झालेली प्रीतीच चिरस्थायी आणि स्वतंत्र होय. तिचा विषय असलेला 'शेजारी' निवडलेला नसतो. तो समोर येणारा कोणीही असतो.

तथापि त्याच्याच 'भय आणि कंप' (१८४३) या ग्रंथात आज्ञा पुत्राच्या बलिदानाची आहे. टोपणनावाने बोलणारा तेथील निवेदक अब्राहाम आपल्याला उमगत नसल्याचे मान्य करतो. मात्र इसहाकावर संपूर्ण प्रीती नसेल तर ते कृत्य खूनच ठरेल, हेही तो बजावतो. म्हणजे आज्ञापालनाला हिंसेपासून वेगळे करते ती प्रीतीच. पण ती प्रीती अंतःकरणातली. साक्षीदाराला दिसतो तो केवळ उगारलेला सुरा. म्हणूनच 'मी आज्ञा पाळली' एवढे विधान इतरांपुढे कोणत्याही कृत्याचे समर्थन ठरू शकत नाही.