मैदानावरचा वेळ आणि शिक्षकाचे घर

मराठी समाजाच्या मनात आदर्श शिक्षकाची जी प्रतिमा गेल्या शंभर वर्षांत घडत गेली, तिच्यात शिक्षकाचे घर जवळजवळ दिसतच नाही. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले, छात्रालयाची जबाबदारी सांभाळली, आणि मुलांच्या अंथरुणा-पांघरुणापासून त्यांच्या वाचनापर्यंत सगळ्या गोष्टींत मातेच्या मायेने लक्ष घातले. ते अविवाहित होते. बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवरील आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील संसारी होते, परंतु वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडायला दिले, ही हकिकत सांगितली जाते ती त्यागाची कथा म्हणून. शाळेचा खर्च त्या दिवशी एका घराने उचलला होता, या अंगाने तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. या तिघांचे मोठेपण वादातीत आहे. प्रश्न इतकाच की त्यांच्या आयुष्यावरून घेतलेले माप आज जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या, घरी तान्हे मूल आणि गावी वृद्ध आईवडील असलेल्या तरुण शिक्षकाला कोणीही न विचारता लावले जाते, आणि ते माप जेथे अपुरे पडते तेथे उणीव त्या शिक्षकाची ठरते.

हा तरुण शिक्षक नोकरीत कसा आणि कोणत्या वयात येतो, हे आधी पाहावे लागते. शिक्षणशास्त्राची पदविका, त्यानंतर २०१३ पासून सुरू झालेली शिक्षक पात्रता परीक्षा, त्यावर पुन्हा अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि शेवटी ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून होणारी निवड, असा हा मार्ग आहे. त्यातली अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा २०१७ च्या अखेरीस झाली आणि दुसऱ्यांदा थेट २०२३ मध्ये. मधली वर्षे अनेकांनी खासगी शिकवण्या घेण्यात, शेतीत किंवा मिळेल त्या रोजगारात काढली. नेमणूक मिळाल्यावरही पहिली तीन वर्षे तो ‘शिक्षण सेवक’ असतो, म्हणजे पूर्ण वेळ आणि पूर्ण जबाबदारीचे काम ठरावीक मानधनावर करतो. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते, ते पुढे ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,००० रुपयांवर आले. नोकरी, लग्न आणि पहिले मूल या आयुष्यातल्या तीन मोठ्या घटना त्यामुळे दोन-चार वर्षांच्या अंतरात एकमेकींवर येऊन आदळतात, आणि त्याही बहुधा परक्या जिल्ह्यात. लातूर किंवा बीडकडचा उमेदवार रत्नागिरीच्या वाडीवर अथवा पालघरच्या पाड्यावर रुजू होतो. त्याची पत्नीही शिक्षिका असली तर तिची नेमणूक तिसऱ्याच जिल्ह्यात असू शकते.

दोघांना एकत्र आणण्यासाठी ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ ही तरतूद बदल्यांच्या धोरणात आहे. दोघांच्या शाळांमधील अंतर ३० किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर अशा शिक्षकांना बदलीत प्राधान्य मिळते. परंतु जिल्हाच वेगळा असला की आंतरजिल्हा बदलीची वाट पाहावी लागते, आणि ती वाट रिक्त पदे, बिंदुनामावली म्हणजे आरक्षणानुसार पदे भरण्याचा तक्ता, आणि मूळ जिल्ह्याचे ना-हरकत अशा टप्प्यांवरून जात असल्याने लांबत राहते. दुसरीकडे शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच राहावे, अशी शासनाची अपेक्षा असते. गावाच्या दृष्टीने ही अपेक्षा रास्तच आहे, कारण संध्याकाळी मुलांना भेटणारा शिक्षक आणि पाचच्या गाडीने निघून जाणारा शिक्षक यांत फरक पडतो. मात्र ज्या वाडीवर भाड्याची खोली मिळत नाही, दवाखाना दूर आहे आणि जोडीदाराची नोकरी तालुक्याच्या ठिकाणी आहे, तेथे कुटुंबाने नेमके कोठे राहावे, याचे उत्तर नियमात सापडत नाही. मग ‘अप-डाऊन’ सुरू होते, आणि घराच्या वाट्याला उरतात ते रविवार आणि सुट्ट्या.

नेमके हेच रविवार मैदान मागते. प्राथमिक शाळांच्या क्रीडा स्पर्धा थंडीच्या दिवसांत होतात. आसपासच्या काही शाळांचा मिळून जो गट केला जातो त्याला ‘केंद्र’ म्हणतात; पहिली फेरी केंद्राच्या पातळीवर होते, तेथून जिंकणारे संघ तालुक्याला आणि मग जिल्ह्याला जातात. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणे आणि लांब उडी हे त्यांतले नेहमीचे प्रकार. बाहेरून पाहणाऱ्याला ही एका दिवसाची सहल वाटते, पण तिच्यामागे बरेच काम दडलेले असते. जनरल रजिस्टरातून प्रत्येक मुलाची जन्मतारीख काढून वयाचे दाखले तयार करायचे, पालकांची संमतीपत्रे गोळा करायची, गाडी ठरवायची, एखाद्या मुलीला घरचे पाठवत नसतील तर तिच्या दारात जाऊन आजीची समजूत घालायची, आणि स्पर्धेच्या आधी रोज शाळा सुटल्यावर फक्कीने आखलेल्या मैदानावर शिट्टी घेऊन उभे राहायचे. ज्या मुलांना बूट नाहीत ती अनवाणी धावतात, म्हणून मैदानावरचे खडे वेचण्याचे कामही सरांचे आणि बाईंचेच असते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शाळेला मैदान हवे असे म्हटले, खेळाचे साहित्यही द्यावे असे म्हटले. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे काही वेळापुरता नेमलेला खेळाचा शिक्षक, मात्र त्याच कायद्याच्या अनुसूचीने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथेच ठेवला. कायद्याने मैदान दिले, मैदानावर उभे राहणारा माणूस दिला नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत तो माणूस वर्गशिक्षकच असतो. साठपर्यंत पटसंख्या असेल तर शाळेला दोन शिक्षक मिळतात. अशा द्विशिक्षकी शाळेत, जेथे एकाच खोलीत दोन-तीन इयत्तांना एकाच वेळी शिकवण्याचे बहुवर्ग अध्यापन रोजचेच असते, एक शिक्षक संघ घेऊन केंद्राला गेला की दुसऱ्याच्या हाती उरलेली सगळी शाळा, पोषण आहाराची नोंद आणि त्याच दिवशी तातडीने मागवलेली ऑनलाइन माहिती येते. याच कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली असली, तरी या तीन अपवादांचाच पसारा, विशेषतः मतदारयाद्यांच्या कामाचा, लहान शाळेला पेलणारा नसतो.

एवढे असूनही तरुण शिक्षक मैदानावर का जातात, हा खरा विचार करण्याजोगा भाग आहे. आदेश असतो, हे त्याचे एक उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही; आदेशाने संघ पाठवता येतो, तो संध्याकाळी साडेपाचनंतर घडवता येत नाही. वर्गात शिक्षक आणि मूल यांच्यामध्ये नेहमी काहीतरी ठरलेले उत्तर असते, आणि ते ज्याला येत नाही ते मूल हळूहळू मागच्या भिंतीकडे सरकते. मैदानावर हा क्रम मोडतो. वाचनात अडखळणारी चौथीतली मुलगी खो देण्याआधी पळणाऱ्याची नजर ओळखते, त्याला हुलकावणीने खांबाकडे वळवते, आणि हा निर्णय ती क्षणार्धात घेते. तिच्याकडे बुद्धी आहे हे शिक्षकाला त्या क्षणी पहिल्यांदा उघड दिसते, आणि पुढच्या सोमवारी तो तिला वर्गात निराळ्या अपेक्षेने प्रश्न विचारतो. शिक्षणशास्त्रात ज्याला निदान म्हणतात, म्हणजे मूल कोठे अडले आहे आणि कशाच्या बळावर पुढे जाऊ शकेल याचा शोध, तो अनेकदा कोणत्याही लेखी चाचणीपेक्षा येथे अचूक लागतो. लहान शाळेचे आणखी एक बलस्थान आहे, ज्याकडे कमी लक्ष गेले आहे. खो-खोच्या पारंपरिक खेळात एका बाजूने नऊ खेळाडू मैदानात लागतात; पंचवीस-तीस पटाच्या शाळेत संघ करायचा तर निवडीला वावच नसतो, जो धावू शकतो तो संघात येतो, आणि मोठ्या शाळेत कधीही निवडले गेले नसते असे मूल येथे शाळेचे नाव पाठीवर घेऊन खेळते. आठ जण एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेले आणि एक पाठलाग करणारा, असा हा खेळ बसलेल्यालाही सतत सावध राहायला लावतो. ग्रामीण शाळांतून तो टिकला यामागे साहित्याला लागणारा अल्प खर्च हे कारण आहेच, पण त्याचा हा स्वभावही आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले तेव्हा पुरुषांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि महिलांचे प्रियंका इंगळे हे महाराष्ट्राचे खेळाडू करीत होते. या पातळीच्या खेळाला जी रुंद बैठक लागते, ती अशाच असंख्य अनाम मैदानांवर तयार होत असते.

शिक्षक आणि खेळाडू यांच्या नात्याची दोन टोके महाराष्ट्राने पाहिली आहेत. खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताला कुस्तीतले पहिले वैयक्तिक पदक मिळाले. येथेही पैसे घराने दिले, हे लक्षात घ्यावे. त्यानंतर ७२ वर्षांनी पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा; तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून, म्हणजे निवडक मुलांना निवास आणि प्रशिक्षण देणाऱ्या योजनेतून घडला. एका व्यक्तीच्या घरावर पडलेला भार पुढे काही प्रमाणात संस्थेने उचलला, ही प्रगती खरी आहे. परंतु ही योजना निवडलेल्या मुलाला भेटते. त्याच्या आधीचे मूल, ज्याला आपण धावतो हेच अजून कोणी सांगितलेले नाही, ते आजही एखाद्या तरुण शिक्षकाच्या उरलेल्या वेळावर अवलंबून आहे.

तरुण शिक्षक स्वतःही खेळतो, आणि हा त्याच्या आयुष्याचा लहान वाटणारा भाग दुर्लक्षिण्याजोगा नाही. अनेक जिल्हा परिषदा कर्मचाऱ्यांच्या क्रीडा स्पर्धा भरवतात. त्यांत शिक्षकांचे क्रिकेटचे, कबड्डीचे, व्हॉलीबॉलचे संघ उतरतात, आणि परजिल्ह्यातून आलेल्या, भाषेचा हेलही वेगळा असणाऱ्या माणसाला तालुक्यात पहिले मित्र बहुधा येथेच मिळतात. या खेळाकडे कामचुकारपणा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. जो प्रौढ माणूस अजून हरतो, धापा टाकतो आणि पुन्हा सरावाला येतो, त्याच्या बोलण्याला मुलांच्या मैदानावर वेगळे वजन येते. मात्र या संघांच्या फलकावर शिक्षिकांची नावे कमी असतात, आणि त्याचे कारण मैदानावर शोधून सापडत नाही. शिक्षिकेला मातृत्वाची १८० दिवसांची रजा मिळते, २०१८ पासून राज्यात बालसंगोपन रजेचीही सोय झाली; पण रजा म्हणजे कामावरून दूर राहण्याची मुभा. काम करीत असताना, मुलींचा संघ घेऊन तालुक्याला जायचे असताना, तिचे दोन वर्षांचे मूल कोणाजवळ राहणार, याची काळजी कोणत्याही परिपत्रकाने घेतलेली नाही. मुलींबरोबर शिक्षिका असावी हा आग्रह योग्यच आहे, आणि ज्या शाळेत शिक्षिका नाही तेथे मुलींचा संघ निघतच नाही असेही घडते. म्हणजे एका स्त्रीच्या घरातली अडचण दहा मुलींच्या खेळण्यापर्यंत जाऊन पोहोचते. अशा स्पर्धांच्या मैदानाकडेला चटईवर झोपलेले एखादे लहान मूल आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी संघातली राखीव खेळाडू हे दृश्य ज्यांना कौतुकाचे वाटते, त्यांनी ते व्यवस्थेच्या उणिवेचे दृश्य म्हणूनही पाहायला हवे.

याच शिक्षकांचे स्वतःचे मूल पुढे पुष्कळदा तालुक्याच्या खासगी शाळेत घातले जाते, आणि त्यावर समाज कठोर बोलतो. या टीकेत तथ्य आहे. ज्या शाळेत आपण शिकवतो तिच्यावर आपला विश्वास आहे, हे दाखवण्याचा याहून स्पष्ट मार्ग नाही, आणि जे शिक्षक आपले मूल त्याच शाळेत घालतात त्यांचा गावाशी संबंध पार बदलून जातो. तथापि बदली कधी आणि कोठे होईल हे माहीत नसलेले पालक मुलाची शाळा एका जागी स्थिर ठेवू पाहतात, यात अविश्वासापेक्षा अनिश्चिततेचा वाटा अधिक असू शकतो.

या साऱ्यात करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे स्वस्त आहे. २००९ च्या त्याच कायद्याने शिक्षकाचा आठवडा पूर्वतयारीसह ४५ तासांचा धरला आहे. त्या पूर्वतयारीत मैदानावरचा सराव उघडपणे धरला, तर साडेपाचनंतरची शिट्टी ही मेहेरबानी न राहता काम ठरेल. सुट्टीच्या दिवशी संघ नेणाऱ्याला त्याबदल्यात रजा विनासायास मिळावी. द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक स्पर्धेला जाईल त्या दिवशी केंद्रप्रमुखाने, म्हणजे त्या गटावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने, शेजारच्या मोठ्या शाळेतून एक शिक्षक आधीच नेमून द्यावा, आणि त्या दिवशी दोन्ही शाळांकडून कोणतीही तातडीची माहिती मागू नये. केंद्रातल्या स्पर्धेच्या जागी, जेथे खेळाडूंसाठी खिचडी शिजतेच, तेथे लहान मुलांसाठी सावलीची एक खोली आणि एक मदतनीस ठेवण्यास शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही; शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात पालकांचेच बहुमत असते, ते स्वतःच्या ठरावाने करू शकते.