वहीतले मासे

ब्राझीलमध्ये पुरुस नदीच्या खोऱ्यात पाउमारी आदिवासी राहतात. पाणी हेच त्यांचे अंगण; तराफ्यावर तरंगती घरे बांधायची त्यांची जुनी रीत. मध्यंतरी बेसुमार मासेमारीने तिथल्या तळ्यांतला पिरारुकू मासा संपत आला. मग गावाने जाळी गुंडाळून ठेवली, तळ्यांवर पहारे बसवले. काही वर्षांनी मासा परतला. आता आधी मोजणी करायची आणि मोठ्या माशांपैकी १०० मागे फार तर ३० धरायचे, असा सरकारी नियम आहे. दीड मीटरहून लहान माशाला हात लावायचा नाही.

पाणी उतरले आणि एक आजोबा नातवाला घेऊन मोजणीला निघाले. पिरारुकूला हवा घ्यायला थोड्या थोड्या वेळाने वर यावेच लागते. दोघे होडीत २० मिनिटे चिडीचूप बसले. पाण्यावर धपकन आवाज झाला, लालसर खवले चमकले, की नातू वहीत एक रेघ मारी. रेघा भरल्या ४०.

नातू हळूच म्हणाला, "आजोबा, साठ लिहू या का? बाराऐवजी अठरा मासे धरता येतील. इथं तपासायला कोण येतंय?"

"कुणी येत नाही," आजोबा म्हणाले. "लिही साठ. पण वरचे वीस तळ्यात कोण आणून सोडणार?"

नातू गप्प.

"चाळिसातले अठरा म्हणजे जवळजवळ निम्मे गेले. पाणी चढलं की पिल्लांना डोक्याभोवती घेऊन नर फिरतो, त्यांची राखण करतो. जादा धरलेल्या सहांत असे बाप किती असतील? त्यांची पिल्लं कोण सांभाळणार? सरकारला फसवशील रे, तळ्याला कसं फसवशील?"

नातवाने ४० लिहिले. गावाने त्या तळ्यातून १२ मासे धरले.

पुढच्या वर्षी आजोबांचे गुडघे धरले, म्हणून नातू एकटाच गेला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हते. रेघा भरल्या ४७. त्याने ४७ च लिहिले आणि वही मिटली.

तात्पर्य : ज्या हिशेबाला तपासनीस नसतो, तोच सर्वांत चोख ठेवावा, कारण त्यातली खोट शेवटी आपल्याच पोराबाळांना भरावी लागते.