आधी कोणत्या खाटेकडे?

रात्रपाळीला एका सिस्टरकडे चार रुग्ण आहेत. एकाच्या पोटाचे ऑपरेशन झाले आहे आणि तो दुखण्यावरच्या इंजेक्शनसाठी ओरडतो आहे. दुसऱ्याचे नातेवाईक सलाइन संपत आल्याचे पुन्हा पुन्हा सांगून जातात. तिसऱ्याची साखर 250 आली आहे. चौथी बाई दोन तासांपूर्वी बाळंत झाली; तिची काही तक्रार नाही, अधूनमधून पाणी मागते इतकेच. पण तिचे हातपाय गार पडले आहेत आणि नाडी मिनिटाला 124 आहे. रक्तदाब अजून ठीक दिसतो. आधी कुणाकडे जायचे? वॉर्डातला गोंगाट पहिल्या दोन खाटांकडे ओढतो, आणि मरण चौथीकडे येऊन बसलेले असते. रक्तस्राव होत असताना तरुण शरीर नाडी वाढवून रक्तदाब बराच वेळ सावरून धरते. तो उतरलेला दिसेपर्यंत थांबले तर पुष्कळ रक्त गेलेले असते. अमेरिकेत परिचारिकेचा परवाना मिळवण्यासाठी ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा द्यावी लागते. तिच्या प्रश्नांचा कणा या जातीचा असतो. 85 ते 150 प्रश्न, जास्तीत जास्त पाच तास. उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न अधिक कठीण देतो, आणि उमेदवाराच्या कुवतीबद्दल पुरेशी खात्री झाली की परीक्षा तिथेच थांबवतो. एप्रिल 2023पासून तर एकाच रुग्णाची केस उलगडत नेऊन निर्णयशक्ती तपासणारे प्रश्नही तिच्यात आले आहेत.

आपल्याकडे असा स्वतंत्र उंबरठा नाही. नगर जिल्ह्यात लोणीला, विळद घाटात किंवा नगरच्या बूथ हॉस्पिटलच्या परिसरात शिकणारी मुलगी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग उत्तीर्ण झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अर्ज करते आणि नोंदणीकृत परिचारिका होते. अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा हाच परवाना. त्या परीक्षेतले अंतर्गत गुण तिचे कॉलेजच देते आणि प्रात्यक्षिकाची नोंदवहीही तिथेच तपासली जाते. बहुतेक ठिकाणी हे काम सचोटीने होत असेल. पण शिकवणाऱ्याने स्वतःच्या शिकवण्याला गुण द्यावेत, ही व्यवस्था सचोटीवर विसंबून चालवण्यासारखी नाही. मुली ज्या परीक्षेसाठी खरोखर रात्री जागतात ती पुढची, अधिपरिचारिका पदाच्या सरकारी भरतीची. तिच्यात मराठी व्याकरण, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि मग विषयाचे प्रश्न. समासाचा प्रकार ओळखता येणे वाईट नाही. पण बाळंतिणीची वाढलेली नाडी ओळखण्याशी त्याचा संबंध लावणे अवघड आहे. शिवाय ही परीक्षा जागा भरण्यासाठी, म्हणजे उमेदवार गाळण्यासाठी असते. सुरक्षितपणे काम करण्याची किमान पात्रता कुणाकडे आहे, हा प्रश्न तिला पडतच नाही.

2021च्या शरद ऋतूत या जिल्ह्याने आणि राज्याने एक विलक्षण योगायोग पाहिला. ऑक्टोबरमध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचे पेपर फुटले आणि पुढे तपासात पुणे पोलिसांनी खुद्द खात्यातल्याच अधिकाऱ्यांना अटक केली. पेपर फुटल्यावर थोड्याच दिवसांत, 6 नोव्हेंबरला, नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून 11 कोविड रुग्ण दगावले. पुढे अटक झाली त्यांत एका डॉक्टरबरोबर परिचारिकाही होत्या. वायरिंग आणि अग्निशमन यंत्रणा हा परिचारिकेचा विषय नव्हे, म्हणून त्यांच्या संघटनांनी निषेध केला आणि तो रास्त होता. कुठल्याही परवाना परीक्षेने ती आग टळली नसती. मुद्दा वेगळा आहे. संकट आले की ‘त्या वेळी तू काय केलेस’ असे परिचारिकेला व्यक्ती म्हणून विचारले जाते. जबाबदारी व्यक्तीची धरायची आणि पात्रता मात्र कॉलेजच्या निकालपत्रावर सोडायची, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही.

नोंदणीआधी स्वतंत्र परीक्षा असावी, या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा आहे. इंग्लंडमध्ये परिचारिकांच्या नोंदणीची चळवळ सुरू झाली तेव्हा त्या तिच्या विरोधात उभ्या राहिल्या. परीक्षेने माहिती मोजता येते, स्वभाव आणि निष्ठा मोजता येत नाहीत, ही त्यांची भूमिका. 1901 साली न्यूझीलंडने नोंदणीचा कायदा केला. ब्रिटनमध्ये तो 1919 साली, नाइटिंगेल यांच्या निधनानंतर आला. आपल्या जिल्ह्यात तर या आक्षेपाला जिवंत पुरावाच आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले आणि त्यांच्या हातून बाळंतपणे, बालमृत्यू, कुष्ठरोग यांचे चित्र पालटले. कुठला परवाना होता त्यांच्याकडे? पण जामखेडचा धडा नीट वाचला तर तो परीक्षेच्या विरोधात जात नाही. त्या बायका ठरल्या दिवशी केंद्रात जमत, गावात काय पाहिले, काय केले, कुठे अडले ते सांगत आणि इतरांच्या प्रश्नांना तोंड देत. तीही परीक्षाच होती, आणि ती थांबत नव्हती. त्यांच्याकडे नव्हती ती प्रश्नपत्रिका. नाइटिंगेल यांचे म्हणणे पाठांतराच्या परीक्षेला लागू पडते. ममता मोजता येत नाही हे खरे. पण ममताळू सिस्टर चुकीच्या खाटेपाशी उभी असेल तर चौथीचा जीव वाचत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. आणखी एक परीक्षा म्हणजे आणखी एक क्लास, आणखी एक फी, आणि ऊसतोड कामगाराच्या मुलीपुढे आणखी एक भिंत. ही भीती अनाठायी नाही. या राज्यात कोणतीही परीक्षा जाहीर झाली की आधी तिचे फ्लेक्स लागतात. मात्र क्लास पाठांतरावर पोसला जातो. आधी कुणाकडे, डॉक्टरला आत्ता उठवायचे की तासाभराने, हे वॉर्डात उभे राहिल्याशिवाय येत नाही. प्रश्न तसे ठेवले तर कॉलेजांना मुलींना खऱ्या रुग्णांजवळ न्यावेच लागेल, आणि खाटा केवळ कागदावर असलेल्या संस्था आपोआप उघड्या पडतील. परीक्षा कोणत्या भाषेत घ्यायची, हा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिथे काम करायचे तर परिचारिकेला आधी जर्मन शिकावे लागते, कारण रुग्ण जर्मन बोलतो. ही अट आपल्याला रास्त वाटते. मग श्रीगोंद्याचा किंवा अकोल्याचा रुग्ण ज्या भाषेत कण्हतो, त्या भाषेत परिचारिकेची पारख करणे अडाणीपणाचे का वाटावे? परीक्षा काटेकोर केली की मुली परदेशी जातील, असेही कुणी म्हणेल. त्या आजही जातातच, आणि जाताना परक्या देशाची कठीण परीक्षा देऊन जातात. इथे राहणाऱ्या रुग्णाला तेवढीच पारखलेली परिचारिका मिळावी, एवढीच मागणी आहे.

1947चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा मागे सारून 2023 साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. जुनी घडी मोडून नवी बसवण्याची ही वेळ आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेने तिचा उपयोग करावा. नोंदणीआधी एक परीक्षा घ्यावी, ती प्रसंगांवरच्या प्रश्नांची ठेवावी आणि मराठीतून देण्याची मुभा द्यावी. शुल्क मुलींकडून घेऊ नये, ते शासनाने भरावे.