स्वाराचे रक्त

सिद्धेश्वरला, पूर्णेवरच्या धरणाजवळ आमचे घर आहे. त्या घरात दर दिवाळीला फराळाबरोबर एक गोष्टही वाढली जाते. आमच्या पूर्वजांत दोघे भाऊ होते. थोरला हिंगोलीच्या छावणीत, हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्यात स्वार. एके पहाटे तो घोड्यावर खोगीर कसून उत्तरेकडे निघून गेला, तो पुन्हा आलाच नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझी छाती फुगे. आपण मात्र धाकट्याचे वंशज, एवढेच काय ते दुःख. धाकट्याने काय केले? शेत केले. त्याची गोष्ट कोण सांगणार!

गेल्या वर्षी वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो. तीर्थोपाध्यायांनी गाव, आडनाव विचारून चोपडी काढली आणि मोडीतली एक जुनी नोंद वाचून दाखवली. धाकटा भाऊ तिथे येऊन गेला होता. त्याने लिहवले होते : थोरले बंधू परागंदा, त्यांचा मुलगा व भावजय आपणापाशी. आपणास संतान नाही. तो मुलगा म्हणजे माझे पणजोबा!

म्हणजे स्वाराचे रक्त माझ्याच अंगात. क्षणभर आनंद झाला, हे लपवीत नाही. मग गोदेच्या पायऱ्यांवर बसलो आणि मनात आले, रक्त त्याचे खरे. पण भाकर कुणाची?

जाण्याला मी दोष देत नाही. आमच्या जवळच्या नरसीचे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथात आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्य मिळवायला निघाले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि अखेर गंगेचे पाणी घेऊन घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. पण मागे त्यांच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले, त्याचे पुस्तक नाही. मीसुद्धा कादंबऱ्या लिहितो. माझ्या दोन नायकांनी घोड्यावर टाच मारली आणि मागे राहिलेल्यांना मी पानभरही जागा दिली नाही.

पूर्वजांच्या पराक्रमात आपले कर्तृत्व शून्य. तो वारसा आयता मिळतो. ज्याच्याशी रक्ताचे नाते पुतण्यापुरते, त्याचा वारसा मात्र रोज कष्टून चालवावा लागतो. नोंदीत त्या भावजयीचे नावही नव्हते. ते शोधायची आता कुठलीच वाट नाही.

यंदा पाडव्याला ती गोष्ट मी सांगितली. स्वार निघून गेल्यावर मुलगी म्हणाली, “आणि त्या धाकट्या आजोबांनी काय केले?”

मी म्हणालो, “ते रोज संध्याकाळी घरी आले.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग त्यांची गोष्ट सांगा ना.”

ती मला अजून जुळवायची आहे.